हौसेचा रविवार

रस्ता खणणाऱ्यांनी एकदाचे खड्डे बुजवले, दुकानासमोरचे पत्रे काढून नेले, आणि त्याच आठवड्यात वर्षही संपत आलं. दुकानाचं दार पुन्हा दिसायला लागलं खरं, पण गिऱ्हाइकांना तोवर दुसऱ्या दारांची सवय झाली होती. थोरला रोज सकाळी शटर वर करी, कुलपांवरची धूळ झटकी आणि रस्त्याकडे बघत बसे. अशा या वर्षाचा शेवटचा रविवार उजाडला, आणि दुकानावरच्या स्वयंपाकघरात थोरलीच्या हातून सकाळपासूनची दुसरी बशी फुटली.

थोरली म्हणजे थोरल्याची बायको, घरातली मोठी सून. तिच्या हातून बशी फुटणं म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या हातून चावी चुकीची कापली जाणं. असं होत नसे.

"ताई, बरं आहे ना?" धाकटी जाऊ तुकडे गोळा करत म्हणाली. "रक्त काढू का थोडं?"

धाकटी इस्पितळात लोकांचं रक्त काढायची. घरातल्या प्रत्येक दुखण्यावर तिचा पहिला प्रश्न हाच असे.

"काही नाही गं. बशी ओली होती."

"ओली नव्हती. पण ते राहू दे. आज मत कुणाला, तेवढं सांगा."

थोरलीनं सुपाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं आणि पुन्हा ठेवलं. सुपात बघण्यासारखं काही नव्हतं.

आजचा रविवार हौसेचा होता. सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांचं कपाट उघडलं, तर आत सगळं ठेवणीतलं निघालं. ठेवणीतल्या चादरी, ठेवणीतले बूट, झाकण न उघडलेली अत्तराची बाटली. बुटांच्या तळव्याला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. अण्णांनी जन्मभर दुसऱ्यांची कपाटं उघडून दिली, पण हे एक उघडलं आणि ते मटकन खाली बसले. उठले ते फर्मान काढूनच. दुकानाचे आणि पगारांचे पैसे आधीपासून एकत्रच व्हायचे. आता घरखर्च वजा जाता त्यातून दर महिन्याला प्रत्येकाला सारखी रक्कम मिळायला लागली. तिचं नाव हौस. ती फक्त स्वतःवर उडवायची. वर्षभर कुणी कुणाला विचारायचं नाही. वर्षाच्या शेवटच्या रविवारी मात्र प्रत्येकानं टेबलाशी बसून सांगायचं: काय केलं, आणि त्यातून काय मिळालं. ज्याची हौस शिल्लक राहील, त्याच्या शिलकीचं त्याच्यासाठीच काय करायचं ते घर बहुमतानं ठरवेल. दुसऱ्या घरांत जास्त खर्च केला म्हणून बोलणी खावी लागतात, या घरात कमी केला म्हणून.

थोरली या नियमाची कायमची गुन्हेगार. ती पडदे आणायची, कुकर आणायची, आणि ते घराचे म्हणून बाद व्हायचे. मग घरानं तिच्या शिलकीतून तिला दुर्बीण घेतली, गिटार घेतली, एका वर्षी तर गुडघ्यापर्यंतचे लाल बूट. दुर्बिणीतून थोरला समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बघतो, गिटारवर मोजे वाळतात आणि बूट तिच्या लेकीनं कधीच पळवले आहेत.

"यांनी हौस बंद करायचं मनावर घेतलंय," धाकटी म्हणाली. यांनी म्हणजे तिच्या नवऱ्यानं. "दादा त्यांच्या बाजूचे. मी आणि तुमची लेक, आपली रेडिओ, विरुद्ध. अण्णा मत देत नाहीत. राहिलात तुम्ही. आणि तुम्ही तर कधी एक दमडी उडवत नाही, म्हणून तुमचं मत आपल्याच खिशात आहे असं ते धरून चाललेत."

"असं म्हणाला तो?"

"दात घासताना म्हणाले. फेस गळत होता, पण ऐकू आलं."

थोरली हसली नाही. कारण धाकटीला, धाकट्याला, खुद्द थोरल्यालाही ठाऊक नव्हतं, की यंदा तिनं आपली हौस सगळीच्या सगळी उडवली होती.

झालं होतं असं. नगरपालिकेच्या तरणतलावावरच्या कपाटांना कुलपं याच दुकानाची. रस्ता खणायला लागण्याच्या जरा आधी ती चाव्यांचा जुडगा पोचवायला तिथं गेली होती. उडी मारायच्या उंच फळीवर तिच्याहून वयानं मोठी, चांगली जाडजूड बाई उभी होती. ती बाई फळीच्या टोकापर्यंत चालत आली आणि बसमधून उतरावं तशी सहज खाली उतरली. धप्प आवाज झाला. मग पाण्यातून तिचं डोकं वर आलं, आणि चेहरा असा काही उजळला होता की थोरली चाव्या द्यायचं विसरून उभीच राहिली. त्याच दिवशी तिनं शिकवणीचे पैसे भरले. घरी सांगितलं, दर बुधवारी चाव्या पोचवायच्या आहेत. एवढ्या चाव्या एका तलावाला लागतात कशाला, असं एकानंही विचारलं नाही.

पोहायला ती शिकली, तिला वाटलं होतं त्याहून लवकर. पण फळी! दर बुधवारी ती शिडी चढे, टोकाशी जाई, खाली बघे आणि मागच्या मागे शिडी उतरून येई. रांगेतली पोरंसोरं बाजूला होऊन तिला वाट देत. वर्ष संपलं, उडी काही झाली नाही. आता टेबलावर ठेवायचं काय? आणि हौस बंद झाली तर ती फळी कायमची गेली. घरखर्चातून स्वतःच्या उडीसाठी पैसे मागायचे, हे तिच्या जिभेवर या जन्मी आलं नसतं.

"आधी सूप तर होऊ दे," ती म्हणाली.

धाकटीनं तिच्याकडे रोखून बघितलं. शीर सापडत नसली की ती असंच बघायची.

धाकटा आला तो चहाच्या निमित्तानं. साबणाच्या कारखान्यात तो हिशेब बघायचा आणि घरातही तेच काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. माणूस कंजूष नव्हता. पण दुकानाची आवक कशी उतरत गेली हे त्याला दर महिन्याला दिसत होतं, आणि ते दिसत असताना आपली बायको आरामखुर्ची घेते, पुतणी केस रंगवते, हे बघून तो त्याच बेरजा पुन्हा पुन्हा करी. अण्णांचं दुकान आपल्या डोळ्यांदेखत बंद पडेल, ही भीती त्याला झोपू देत नव्हती. ती कुणाला सांगण्याऐवजी त्यानं प्रस्ताव आणला होता.

"वहिनी, चहा आहे?"

"आहे. साखर तुझी तू घाल."

तिसरीत होता तो, ती या घरात आली तेव्हा. पाढे तिनं पाठ करून घेतले, सायकल तिनं शिकवली. त्या सायकलची गोष्ट घरात अजून निघते. "सोडू नकोस हं वहिनी," असं ओरडत तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता, आणि "धरलंय रे, धरलंय," असं ओरडत ती केव्हाचीच मागे उभी होती. या घरात त्याच्या बाजूनं नेहमी कोण असतं असं विचारलं असतं, तर बायकोच्याही आधी त्यानं वहिनीचं नाव घेतलं असतं.

"एक वर्षाचाच प्रश्न आहे गं," तो म्हणाला. "फार तर दोन. तुला तर काहीच फरक पडणार नाही."

"हो," थोरली म्हणाली. "मला काय फरक पडणार."

तिनं ते इतक्या हळू म्हटलं की धाकट्याला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. चहात साखर घातली की नाही हेही त्याला आठवेना, म्हणून त्यानं पुन्हा घातली.

जेवणं झाली, टेबल पुसलं गेलं. अण्णांनी खिशातून पितळेची वीतभर किल्ली काढून मधोमध ठेवली. ही त्यांनी उमेदवारीत केलेली पहिली किल्ली. तिला कुलूपच नव्हतं, पण हौसेच्या रविवारी तिच्याशिवाय चालत नसे. ज्याच्या हातात किल्ली, त्यानंच बोलायचं.

अण्णांना हा दिवस आवडायचा. वर्षभर ही माणसं एकमेकांशी बिल भरलं का, दूध आलं का, एवढंच बोलतात, आणि या एका दुपारी मनातलं बोलतात, असं त्यांचं मत होतं. आज मात्र पोरगा नियमच मोडीत काढायला निघाला होता. आपण मत देत नाही, या स्वतःच्याच नियमाचा त्यांना पहिल्यांदा राग आला.

"मीच सुरुवात करतो," ते म्हणाले. "वर्षभर रोज सकाळी दाढी न्हाव्याकडून करून घेतली. गरम टॉवेल, फेस, सगळं साग्रसंगीत. तो बोलतो फार, पण हात हलका आहे. भारी काय, तर एकदा खुर्चीतच झोप लागली आणि त्यानं उठवलं नाही. मागची गिऱ्हाइकं थांबवून ठेवली. झालं माझं."

किल्ली रेडिओनं ओढून घेतली. थोरल्याची ही लेक कॉलेजात होती आणि घरातली बातमी गल्लीत पोचवण्यात तिचा हात कुणी धरला नसता, म्हणून रेडिओ. तिनं सरळ आपलं डोकं टेबलावर ठेवलं.

"हे बघा. निळे केस. यांवर आठ महिने खर्च झालाय. भारी म्हणजे, कॉलेजात लांबून कुणीही मला ओळखतं."

"लांबून ओळखून पळत असतील," थोरला म्हणाला.

"बाबा, किल्ली तुमच्याकडे नाही!"

धाकटीनं आपली आरामखुर्ची टेबलापर्यंत ढकलतच आणली. लाल मखमलीची, हातांवर पितळी खिळे. तिच्यात बाकी कुणी बसायचं नाही असा दंडक होता आणि तो फक्त धाकट्यानं, तोही एकदा, तापात असताना मोडला होता. "दिवसभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवते," धाकटी म्हणाली. "घट्ट धरा, घाबरू नका, झालं झालं, हेच चालू असतं. घरी येऊन या खुर्चीत बसते तेव्हा मला कुणाचा दंड धरावा लागत नाही. भारी तेच."

मग थोरला. थोरल्याची पंचाईत अशी, की त्याला धाकट्याच्या बाजूनं बोलायचं होतं आणि खुशीत तो आधीच होता. त्यानं भंगारातून एक जुनी तिजोरी घेतली होती, आकड्यांवर उघडणारी, आकडे कुणालाच ठाऊक नसलेली. दुकान ओस पडलं तसा तो तिला कान लावून बसू लागला.

"आणि एका संध्याकाळी," त्यानं किल्ली दोन्ही हातांत धरली, "टक् झालं. एवढुसं. तीस वर्षं कुलपं उघडतोय मी, पण सांगतो, माझ्या अंगावर काटा आला."

"आत काय होतं?" अण्णांनी किल्लीची वाट न बघता विचारलं.

"काही नाही. रिकामी."

सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं थोरला.

"मग पैसे वाया गेले म्हण ना, दादा," धाकटा म्हणाला.

"वाया कसे? टक् झालं ना!" थोरला म्हणाला. बोलून गेल्यावर आपण कुणाच्या बाजूचे आहोत ते त्याला आठवलं आणि त्यानं किल्ली घाईघाईनं भावाकडे सरकवली. "म्हणजे, तुझा मुद्दा बरोबर आहे. तू सांग."

धाकट्यानं नेहमीप्रमाणे टेबलावर छत्री ठेवली. लांब दांड्याची, काळी. दरवर्षी त्याची हौस छत्रीच असे. उत्तम परदेशी छत्री, महागडी, पण टिकत नाही, असं तो सांगायचा. माणसाला एखादं वेड असतं, म्हणून घरानं ते कधी छेडलं नव्हतं.

"माझं हे. आता मुद्द्यावर येतो," तो म्हणाला. "दुकान गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आलंय. रस्ता झाला म्हणून लोक लगेच येणार नाहीत. हौस बंद केली तर उन्हाळ्यापर्यंत तग धरता येईल. मला आनंद होतो का हे सांगताना? पण कुणीतरी सांगायला हवं. मत घेऊ या."

"आधी आई," रेडिओ म्हणाली. "आईचं राहिलंय."

"वहिनीचं काय राहणार? दरवर्षीसारखी शिल्लक. ती दुकानात घालू, यंदापुरता नियम वाकवू."

किल्ली थोरलीपुढे आली. तिनं ती उचलली. पितळ सगळ्यांच्या हातांनी कोमट झालं होतं.

"शिल्लक नाही," ती म्हणाली.

सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं. 

"सगळे खर्च झाले. तरणतलावावर जाते मी. बुधवारी. पोहायला येतं मला आता." तिचे कान लाल झाले होते. "तिथं एक उंच फळी आहे. तिच्यावरून उडी मारायची म्हणून खरं तर पैसे भरले. दर आठवड्याला वर चढते. आणि उतरते. उडी नाही मारली मी. एकदाही नाही. म्हणून टेबलावर ठेवायला माझ्याकडे काही नाहीये."

थोरला बायकोकडे बघत राहिला. बुधवारी तिच्या केसांना वेगळाच वास यायचा. त्याला वाटायचं, नवीन फिनेल आणलंय.

"म्हणजे वर्षभर पैसे भरून," धाकटा सावकाश म्हणाला, "तू शिडी चढलीस आणि उतरलीस?" त्याला दुखवायचं नव्हतं. हिशेब जुळेना म्हणून तो विचारत होता.

"हो."

"वहिनी, मग हे तर... यापेक्षा जास्त वाया काय असतं? तूच सांग."

थोरली काही वेळ किल्लीचे दाते अंगठ्यानं चाचपत राहिली. या घरात तिनं पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. डॉक्टर बोलवा, गॅस संपलाय, पोरीची फी भरायचीय, अण्णांना जास्त बोलू देऊ नका. तिचं सांगणं कुणी मोडत नसे, कारण ते कधी तिच्या स्वतःसाठी नसे.

"वाया असेल," ती म्हणाली. "पण मला अजून एक वर्ष हवंय."

आवाज थोडा कापला, पण शब्द स्पष्ट आले. "दुकानाचं मला कळतं, भाऊजी. मी काही आंधळी नाही. घरखर्चातून म्हणाल तितकं कमी करते, बशा फुटल्या त्याही नव्या आणत नाही. पण हे मला हवंय. माझं मत बंद करायला नाही."

ती त्याला भाऊजी फक्त चेष्टेत म्हणायची किंवा फार रागावल्यावर. आत्ताचं दोन्हींतलं कोणतं हे धाकट्याला कळेना. त्याला एवढंच कळलं, की वहिनीच्या तोंडून 'मला हवंय' हे त्यानं पूर्वी कधीही ऐकलेलं नव्हतं. कधीही. लहानपणी तिनं त्याला विचारलं होतं शंभरदा, काय हवंय रे तुला. उलट विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. त्यानं उगाच छत्रीकडे बघितलं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता. त्यांना ते बूट आठवले, तळव्याला चिठ्ठी असलेले. त्या बाईनं एकदा तरी असं टेबलाशी बसून मागितलं असतं, तर त्यांनी दुकान गहाण टाकलं असतं.

"तीन विरुद्ध दोन," रेडिओ आनंदानं ओरडली. "हौस चालू!"

"दोन नाही," थोरला म्हणाला. "मीही पलीकडे." त्यानं भावाकडे बघितलं. "माफ कर बाबा. टक् झालं रे."

धाकटा एकटा पडला, पण चेहऱ्यावर हरल्यासारखं काही दिसत नव्हतं. "ठीक आहे," तो घसा साफ करत म्हणाला. "मग निम्मी तरी करा. निम्म्या हौसेत वहिनीचा तलाव बसतो का?"

"बसतो," थोरली म्हणाली. शिकवणी संपली होती, आता नुसतं तलावाचं तिकीट लागणार होतं; तिनं ते आधीच बघून ठेवलं होतं.

"केस नाही बसत," रेडिओ म्हणाली, पण हात तिनंही वर केला. अण्णा सोडून सगळ्यांचे हात वर झाले, आणि तेवढ्यात रिकाम्या राहिलेल्या दुसऱ्या हातानं रेडिओनं काकाची छत्री उचलून फटकन उघडली.

"घरात छत्री उघडू नकोस गं," धाकटा एकदम दचकून म्हणाला.

"का? नवीन आहे ना?" तिचं बोट एका काडीवर थांबलं. काडीला निळा दोरा गुंडाळलेला होता. "काका, हा दोरा मी बांधलाय. मी शाळेत होते तेव्हा. ही छत्री मी मोडली होती आणि काकूनं मला वाचवलं होतं."

"अय्या, हो की," धाकटी खुर्चीतून पुढे झाली. "अहो, ही तीच छत्री?"

धाकट्यानं छत्री तिच्या हातातून घेऊन मिटली.

"दरवर्षी हीच?"

"पुसून आणायचो," धाकटा शेवटी म्हणाला.

घराला आधी हसू आवरलं नाही आणि मग धक्का बसला. दोन्ही उलट क्रमानं व्हायला हवं होतं. हौसेचे त्याचे सगळे पैसे त्यानं बँकेत ठेवले होते. अडीअडचणीला. दुकानाला. कुणी आजारी पडलं तर. तो एकेक कारण सांगत गेला, आणि अण्णांनी त्याच्यासमोर हात आडवा धरला.

"म्हणजे ठेवणीत," ते म्हणाले. हसत नव्हते. "अगदी आईवर गेलास रे तू."

धाकट्याला वाटलं अण्णा रागावतील. पण त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो तिसरीत असताना फिरवायचे तसा, आणि त्याचेच डोळे भरून आले.

"इतक्या वर्षांची शिल्लक," धाकटी हात चोळत म्हणाली. "निकाल घर लावणार. ज्याची शिल्लक, त्याच्यावरच खर्च. बरोबर ना, अण्णा?"

"नियम म्हणजे नियम."

"दुकानाला द्या," धाकटा म्हणाला.

"दुकान म्हणजे तू नाहीस. पण दुकानाला उसने देण्याचा आनंद तुला मिळत असेल, तर बरेचसे त्यात घाल, मला चालेल," अण्णा म्हणाले. "थोडे मात्र घर उडवणार. सुचवा."

"आरामखुर्ची," थोरला म्हणाला.

"केस," रेडिओ म्हणाली.

धाकटी आपल्या नवऱ्याकडे प्रेमानं बघत होती. घरात फक्त तिलाच माहीत होतं, की हा माणूस आंघोळीची बादलीसुद्धा काठोकाठ भरत नाही. "पाण्याची भीती वाटते यांना," ती म्हणाली. "तरणतलाव. ताईंबरोबर. बुधवारी."

धाकटा सोडून सगळ्यांचे हात वर गेले. अण्णांचासुद्धा. नियम त्यांनी तिथल्या तिथे मोडला आणि कुणी हरकत घेतली नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या बुधवारी धाकट्यानं कारखान्यातून अर्धी रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण घरगुती लिहिलं.

तलाव आत, काचेच्या छपराखाली होता. दारातून शिरताच ऊब आणि बुधवारच्या त्या वासाचा लोट अंगावर आला. बाकी सगळं घर वरच्या बाकांवर ओळीनं बसलं होतं. थोरल्यानं दुकानाला कुलूप घालून वर 'अर्ध्या तासात येतो' अशी पाटी लावली होती, आणि एवढ्यात गिऱ्हाईक येऊन गेलं तर काय, या काळजीनं मान वळवून दाराकडे बघत होता. दुर्बीण अण्णांनी घेतली होती. धाकटीनं टॉवेल आणले होते. रेडिओ शेजारच्या अनोळखी बाईला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत होती.

धाकटा उथळ टोकाला छातीभर पाण्यात उभा होता. दोन्ही हातांनी त्यानं काठाचा दांडा धरला होता. शिकवणारी बाई त्याला म्हणाली होती, आज फक्त उभं राहा. तेवढंही त्याला पुष्कळ वाटत होतं.

थोरली शिडी चढली. पायऱ्या तिला पाठ होत्या. वर गार वाटायचं, पाय फळीला चिकटायचे, तेही पाठ होतं. ती टोकाला गेली आणि तिनं खाली बघितलं. पाणी लांब होतं. घर त्याहून लांब, ओळीनं बसलेलं, आ वासून. आज उतरले तर एवढ्यांच्या देखत उतरेन, तिच्या मनात आलं. उजवा पाय मागे सरकलाच होता.

खालून आवाज आला. घाबरलेला, घोगरा, पण मोठा. सगळ्या तलावभर घुमला.

"वहिनी! घाबरू नकोस! मी आहे खाली!"

तिनं बघितलं. उथळ टोकाला, तिच्यापासून तलावाच्या पार दुसऱ्या बाजूला, छातीभर पाण्यात दांडा कवटाळून उभा असलेला तिचा दीर. डोक्यावर बायकोची फुलाफुलांची टोपी. पोहण्याचा पत्ता नाही. आणि तो तिला वाचवणार होता.

"तुला तरी येतं का रे पोहायला?" ती वरून ओरडली.

"नाही! पण मी आहे!" आणि हे पटवून द्यायला त्यानं एक हात दांड्यावरून सोडला. वर उचलला. दुसऱ्या हातानं दांडा अजून घट्ट धरला होता, पण हा वर होता. "बघ! सोडलाय!"

थोरलीला हसू आलं. आधी गालांत, मग खांद्यांत, मग ती फळीच पोटातल्या हसण्यानं हलायला लागली. "अरे, धर तो दांडा!" ती म्हणाली, "धर, बुडशील!", आणि हसत हसतच एक पाऊल पुढे टाकलं. पुढे फळी नव्हती.

धप्प असा आवाज झाला की अण्णांच्या हातातली दुर्बीण खाली पडली. थोरला उभा राहिला. रेडिओ पहिल्यांदाच बोलता बोलता थांबली.

पाणी फुटलं आणि थोरलीचं डोकं वर आलं. टोपी निघून गेली होती, केस तोंडावर, नाकात पाणी. तिनं केस बाजूला केले, श्वास घेतला, आणि सगळ्या घराला, शिकवणारीला आणि रांगेतल्या पोराटोरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"पैसे वसूल!"

धाकटा दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवत होता. दांडा सुटलाय हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि कुणी त्याला सांगितलंही नाही.